प्रत्यक्षाचीही उलटतपासणी हवी

‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिले’ असे कुणी म्हटले की आपल्याकडे वाद मिटतो. सोसायटीच्या बैठकीतल्या तक्रारीपासून न्यायालयातल्या साक्षीपर्यंत या वाक्याचा मान मोठा. हातच्या कांकणाला आरसा कशाला, ही म्हण त्याच विश्वासावर उभी आहे. या विश्वासामागे इंद्रियांचे एक ठरलेले चित्र असते. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाच दारे. बाहेरचे जग त्यांतून जसेच्या तसे आत येते आणि मन ते पाहून घेते. शाळेच्या पुस्तकातली डोळ्याची आकृती हे चित्र पक्के करते: डावीकडे झाड, मध्ये भिंग, उजवीकडे दृष्टिपटलावर उलटे झाड. आकृती बरोबर आहे. पण ती जिथे संपते तिथे पाहण्याची क्रिया जेमतेम सुरू झालेली असते.

अलीकडे याच्या नेमके उलट मतही बाजारात आले आहे. ‘दृष्टी तशी सृष्टी’, मेंदूच जग रचतो, आपण पाहतो तो सगळा भास, अशी विधाने विज्ञानाच्या नावावर खपतात आणि वर मायावादाची फोडणी दिली की ती खोलही वाटू लागतात.

माझे म्हणणे असे की ही दोन्ही मते सारखीच उथळ आहेत आणि दोन्ही एकाच चुकीतून निघाली आहेत. जाणणे म्हणजे बाहेरच्या वस्तूची हुबेहूब प्रत मिळणे, हे दोघांनीही धरून ठेवले आहे. पहिला म्हणतो, प्रत मिळते, म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवा. दुसरा म्हणतो, प्रत मिळत नाही, म्हणून सगळे खोटे. इंद्रिये मुळात प्रत काढण्याचे काम करतच नाहीत. त्यांचे काम डॉक्टरच्या निदानासारखे आहे: समोर फक्त लक्षणे असतात आणि त्यांवरून कारण ओळखायचे असते. निदान चुकते, पण तपासण्यांनी ते सुधारताही येते. तेव्हा पाहिलेल्या गोष्टीवर किती विसंबायचे हे ती किती लख्ख दिसली यावरून ठरू नये. ती तपासून घ्यायला किती वाव होता यावरून ठरावे.

१. आत येणारा ऐवज तुटपुंजा असतो

प्रथम डोळ्याचा हिशेब पाहू. एका दृष्टिपटलावर अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी आणि रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी सुमारे ६० लाख असतात. तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू मात्र साधारण १० लाख. म्हणजे काटछाट आणि सारांश हे काम डोळ्यातच सुरू होते.

त्यातही बारीक तपशील टिपणारा भाग अगदी लहान असतो. हात लांब करून अंगठा उभा धरला तर नखाने जेवढी जागा झाकते, जवळपास तेवढ्याच जागेतले आपल्याला स्वच्छ दिसते. याच ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि डोळा न हलवता चार शब्दांपलीकडचा शब्द वाचून पाहा; जमणार नाही. तरीही सगळे पान एकसारखे स्पष्ट असल्याची भावना जात नाही. कारण डोळा सेकंदाला साधारण तीनदा उडी मारून नवी जागा टिपत असतो आणि उडीदरम्यानचे दृश्य मेंदू जवळजवळ दाबूनच टाकतो. आरशात एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर नजर न्या: स्वतःचे बुबुळ हलताना कधीच दिसत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसते.

याहून ठळक पुरावा फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मारिओत याने १६६० च्या दशकात दिला. नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नसते, हा अंधबिंदू. तो शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. वहीच्या रेघी कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे सात-आठ सेंटिमीटरवर ठसठशीत ठिपका काढा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणा. वीतभराहून थोड्या जास्त अंतरावर ठिपका नाहीसा होतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट त्यापुढची आहे. ठिपक्याच्या जागी काळे भोक दिसत नाही. तिथे कोरा कागद दिसतो आणि त्यावरून रेघाही अखंड गेलेल्या दिसतात. त्या जागेविषयी डोळ्याने काहीही कळवलेले नसते. तरी तिथे कागद आहे, असे आपण शपथेवर सांगू.

२. उरलेले मेंदू भरतो, पण मनाला येईल तसे नाही

एकोणिसाव्या शतकात हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने या प्रक्रियेला ‘नकळत होणारे अनुमान’ म्हटले. १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या दृष्टिविषयक ग्रंथात त्याने हा विचार सविस्तर मांडला. त्याच्याही आठ शतके आधी, अकराव्या शतकात, कैरोत इब्न अल-हैथम याने पाहण्यात नकळत निवाडा असतो असे दाखवले होते. दोघांचाही रोख सारखाच: डोळ्यावर पडलेला प्रकाश हे फक्त लक्षण, त्यामागची वस्तू ओळखावी लागते.

हे अनुमान किती पद्धतशीर असते, ते मोबाइलच्या पडद्यावर पाहता येते. झेंडूच्या फुलाचा फोटो उघडा. फूल पिवळेधमक दिसते, पण पडद्यावर पिवळा प्रकाश निर्माण करणारा एकही बिंदू नसतो. तिथे फक्त लाल, हिरवे आणि निळे बिंदू असतात. लाल व हिरव्या प्रकाशाने शंकुपेशी ज्या प्रमाणात उत्तेजित होतात, जवळपास त्याच प्रमाणात त्या बागेतल्या झेंडूवरून परतलेल्या प्रकाशानेही होतात. लक्षणे सारखी, म्हणून निदानही सारखे.

कानाचेही असेच. जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलेच ध्वनी जात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे तो तारेतून पोचतच नसे. तरीही पलीकडचा भारदस्त आवाज भारदस्तच ऐकू येई. पोचलेल्या वरच्या स्वरांमधल्या अंतरावरून मेंदू खालचा न आलेला स्वर काढतो.

अनेकदा एका इंद्रियाची साक्ष दुसऱ्याच्या साक्षीला वळण देते. हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी १९७६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनी ‘बा’चा, पण चित्रफितीतले ओठ ‘गा’ म्हणणारे. बहुतेक मोठ्या माणसांना ‘दा’ ऐकू आले. डोळे मिटले की पुन्हा ‘बा’. उच्चार ओळखताना मेंदू कान आणि डोळे या दोघांचे म्हणणे विचारात घेतो आणि जमेल तसा मेळ घालतो.

३. अंदाज वस्तूच्या पुढे धावतो

इंद्रियांचा निरोप मेंदूत पोचून त्यावर प्रक्रिया व्हायला वेळ लागतो. सेकंदाचा दहावा भाग ऐकायला थोडा वाटतो. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढ्यात जवळपास चार मीटर पुढे सरकतो. गोलंदाजाच्या हातून सुटल्यावर असा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापर्यंत येतो. आधी नीट बघायचे आणि मग फटका ठरवायचा म्हटले तर यष्ट्या उडालेल्या असतील.

मैदानावरचा प्रत्येक प्रशिक्षक सांगतो, ‘नजर चेंडूवर ठेव.’ मायकल लँड आणि पीटर मॅकलिऑड यांनी फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून त्यांची नजर मोजली आणि २००० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. फलंदाज चेंडूचा अखंड पाठलाग करत नाहीत. हातातून सुटताना ते त्याला क्षणभर पाहतात, मग नजर थेट उडी मारून टप्पा पडण्याच्या अपेक्षित जागी जाऊन थांबते आणि चेंडू मागून तिथे येतो. कसलेल्या फलंदाजाची ही उडी नवख्यापेक्षा लवकर पडते. चांगली नजर म्हणतात ती अशी असते: आधी भाकीत, मग नेमक्या जागी नेमक्या क्षणी पडताळा. टप्प्यावर चेंडूने अनपेक्षित वळण घेतले तर भाकीत फसते आणि फलंदाज चकतो. फिरकीची सगळी कला त्यावर जगते.

४. दारे पाच नाहीत आणि सुटीही नाहीत

पंचेंद्रियांची यादी सोयीची आहे, पुरेशी नाही. शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा आतल्या कानात आहे. हात-पाय कुठे आहेत हे डोळे मिटूनही कळते, कारण स्नायू आणि सांध्यांतून सतत बातमी येत असते. भूक, तहान, वेदना, ऊन-गारवा यांच्या वाटा वेगळ्या.

जिभेच्या नावावर आपण जे जमा करतो त्यातलेही बरेच जिभेचे नसते. सर्दीने नाक चोंदले की आमटी बेचव लागते, कारण चावताना वाफ घशामागून नाकात जाते आणि स्वादाचा मोठा वाटा तिथे ठरतो. ठेच्याचा झणका तर ना चव ना वास. मिरचीतले कॅप्सेसिन ज्या ग्राहीला चेतवते ती ग्राही एरवी साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरची उष्णता आणि तिची वेदना कळवते. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्यूलियस यांना, आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत, २०२१ चे नोबेल मिळाले. ठेचा खाऊन तोंडात आग पडली असे आपण म्हणतो, तेव्हा मेंदूने निदान तसेच केलेले असते. आणि म्हणूनच तोंडाला घाम फुटतो: भाजत नसताना शरीर थंड होण्याच्या खटपटीला लागते.

५. पाहणे आणि ऐकणे शिकावे लागते

जन्मांध माणसाला हाताने गोळा आणि घन ओळखता येत असेल आणि त्याला एकाएकी दृष्टी आली, तर न शिवता त्याला ते ओळखता येतील का? आयर्लंडच्या विल्यम मॉलिन्यू याने १६८८ मध्ये जॉन लॉक याला पत्राने हा प्रश्न विचारला. त्याला प्रयोगाचे उत्तर मिळाले ते भारतात. एमआयटीचे पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये दिल्लीत जन्मजात अंधत्व असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर लगेच मुलांना हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखता आली नाही. उत्तरे जवळपास अंदाजपंचे होती. मात्र काही दिवसांतच ती बरीच सुधारली. डोळा उघडणे आणि पाहता येणे यांत अंतर आहे, आणि ते अनुभवाने कापावे लागते.

हा अनुभव कसा असावा लागतो, तेही माहीत आहे. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी १९६३ मध्ये मांजराच्या पिल्लांच्या जोड्या एका फिरत्या यंत्राला बांधल्या. एक पिल्लू स्वतः चालत होते. दुसरे पाळण्यात बसून त्याच्यामुळे फिरत होते. दोघांना दृश्ये जवळपास सारखीच दिसली. पण खोली ओळखून पाय टाकणे नीट जमले ते चालणाऱ्या पिल्लाला; बसून राहिलेले पिल्लू मागे पडले. नुसते दृश्य पुरत नाही. मी हललो तर दृश्य कसे बदलते, हा ताळा बसावा लागतो.

ऐकण्याचे शिक्षण तर पाळण्यातच सुरू होते. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये दाखवले की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ वेगळे ओळखतात; वर्ष भरत येईतो त्यांतल्या बहुतेकांची ही क्षमता ओसरते, कारण घरच्या भाषेला तिची गरज नसते. त्यांना हसण्याआधी आपलेही कान तपासावेत. इंग्रजीत बंडी या अर्थाचे वेस्ट आणि पश्चिम या अर्थाचे वेस्ट वेगवेगळ्या ध्वनींनी सुरू होतात. बहुतेक मराठी कानांना दोन्ही एकच.

शिक्षणाने कान घडतोही. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्यावर जवारी नेमकी लागली की, गंधाराची तार नसतानाही गंधार ऐकू येतो. तो कल्पनेतला नव्हे: षड्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर गंधाराचाच असतो आणि घोडीच्या रुंद, किंचित उताराच्या पाठीमुळे वरचे उपस्वर बळावतात. भारतीय तंतुवाद्यांच्या या वैशिष्ट्यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहिले. नवख्याला त्याच तानपुऱ्यातून नुसता घुमारा ऐकू येतो, तयार गवयाला गंधार. हवेतल्या लहरी दोघांसाठी सारख्याच आणि गंधारही खराच. रियाजाने इथे भास निर्माण झालेला नाही. असलेली गोष्ट सापडू लागली आहे.

६. चार आक्षेप

पहिला आक्षेप: ही सगळी प्रयोगशाळेतली चमत्कारिक उदाहरणे, रोजच्या व्यवहारात डोळे बरोबरच सांगतात. बरोबर सांगतात हे मान्य. पण बरोबर निदान झाले म्हणजे निदान झालेच नाही, असे होत नाही. फसण्याच्या वेळी यंत्रणा उघडी पडते, एवढेच. रेघा अखंड दाखवणारी युक्ती अंधबिंदूवर दिवसभर चालू असते. कागदावर ती फक्त पकडता येते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन याने १९७९ च्या ग्रंथात म्हटले की आत येणारा ऐवज तुटपुंजा वाटतो, कारण आपण माणसाला एका जागी खिळवून एक डोळा झाकायला लावतो. माणूस हिंडतो, मान वळवतो, वस्तू हातात घेतो. तेव्हा प्रकाशात पुरेशी माहिती असते आणि अनुमानाची गरज उरत नाही. यातला अर्धा भाग मी घेतो. हालचालीने माहिती वाढते, हे खरेच. पण ती वाढते म्हणजे तपासणी होते. आधीच्या अंदाजातले पर्याय एकेक करून गळतात. गिब्सनचा मुद्दा माझ्या प्रतिपादनाला बळच देतो: एका जागेवरून ओझरते पाहिले ते कच्चे, फिरून पाहिले ते पक्के.

तिसरा आक्षेप ‘दृष्टी तशी सृष्टी’वाल्यांचा: मेंदूच अंदाज करत असेल, तर ज्याला जे हवे ते त्याला दिसेल. तसे होत नाही. बाणांच्या टोकांची दिशा बदलून सारख्या लांबीच्या रेघा लहान-मोठ्या दाखवणारी म्यूलर-लायरची आकृती १८८९ पासून प्रसिद्ध आहे. पट्टीने मोजा, रेघा सारख्या असल्याची खात्री करा आणि पुन्हा पाहा. एक रेघ लांबच दिसते. इच्छा सोडाच, पक्के ज्ञानही तिथे हुकूम चालवू शकत नाही. आपल्या मताप्रमाणे जग दिसते, ही अतिशयोक्ती आहे. मताचा जोर चालतो तो लक्ष कुठे द्यायचे आणि दिसलेल्याचा अर्थ काय लावायचा यांवर.

चौथा आक्षेप तात्त्विक: प्रत मिळत नसेल तर सगळेच भास मानायला हवे. याचे उत्तर आपल्या नैयायिकांनी केव्हाच दिले आहे. न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाची व्याख्या करताना ते अव्यभिचारी, म्हणजे न फसवणारे, आणि निश्चयात्मक असावे अशी अट घातली. या सूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने मृगजळाचे आणि दूरवर दिसते ती धूळ की धूर अशा संशयाचे उदाहरण देऊन ही अट समजावली. डोळ्यासमोर आले म्हणजे प्रत्यक्ष झाले, असे त्यांनी मानले नाही. ज्ञान खरे की खोटे याचा निकाल वात्स्यायन प्रवृत्तीच्या यशावर सोपवतो: पाणी समजून गेलात आणि तहान भागली, तर ते पाणी. मृगजळ खोटे ठरते तेही जवळ जाऊन पाहिल्यावरच. भास उघडा पडतो तो दुसऱ्या, अधिक तपासलेल्या प्रत्यक्षामुळे. सगळेच भास म्हणणारा माणूस ज्या मापाने भास ओळखला तेच माप फेकून देतो.

७. व्यवहारात काय बदलावे

हा वाद तत्त्वज्ञानापुरता असता तर चालले असते. पण ‘पाहिले’ या शब्दावर माणसे तुरुंगात जातात. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या शेकडो कैद्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या खटल्यांत साक्षीदाराने चुकीची ओळख पटवलेली होती. असे सगळे साक्षीदार खोटारडे नसतात. ओझरते पाहिलेल्या चेहऱ्याचे निदान त्यांच्या मेंदूने केलेले असते आणि ते फेरतपासणीविना पुन्हा पुन्हा सांगता सांगता घट्ट होते. ओळख परेडला महत्त्व आहे ते यासाठीच. आणि परेडीआधी साक्षीदाराला आरोपीचा फोटो दिसला असेल तर तिची किंमत उरत नाही, तेही यासाठीच.

तज्ज्ञही सुटत नाहीत. ट्राफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २४ रेडिऑलॉजिस्टना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला दिल्या आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचे चित्र मिसळले. गाठीच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठे हे चित्र २० जणांना दिसले नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर त्या जागेवरून गेलेली होती. हा निष्काळजीपणा नव्हता. लक्ष गाठींवर होते, म्हणून गोरिला निसटला. गाडी चालवताना फोनवर बोलणारा माणूस ‘माझी नजर रस्त्यावरच होती’ म्हणतो तेव्हा तो खरे बोलत असतो. त्याचा उपयोग मात्र रस्ता ओलांडणाऱ्याला होत नाही.

म्हणून ‘पाहिलेस का?’ हा प्रश्न अपुरा आहे. कुठून पाहिले, किती वेळ, कुठल्या उजेडात, लक्ष कशावर होते, जवळ जाऊन खात्री केली का आणि पाहण्याआधी काय ऐकले होते, हे सहा प्रश्न त्याच्या पाठोपाठ आले पाहिजेत. ते पोलिसांनी विचारावेत, पत्रकारांनी विचारावेत, आणि व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी आपण प्रत्येकाने स्वतःला विचारावेत. यात साक्षीदाराचा अपमान नाही. इंद्रिये आयुष्यभर स्वतःच हे काम करतात; मान वळवून, हात लावून, पुन्हा पाहून. जिथे त्यांना तशी संधी मिळालेली नाही, तिथे उलटतपासणीची जबाबदारी आपली आहे.